शिल्पकार राम सुतार : वारसा आणि विद्या



दिनांक १७ डिसेंबर २०२५ रोजी शिल्पकार राम वनजी सुतार यांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण करून नोएडा येथे इहलोकीची यात्रा संपविली. सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा घडविणारे शिल्पकार म्हणून त्यांची कीर्ती सर्वतोमुखी आहे. परंतु देवदेवतांच्या भव्य प्रतिमा घडविणारे शिल्पकार म्हणून त्यांची वाटचाल कशी झाली, आणि ती आपल्यासारख्या कारागीर घराण्यांना काय सांगते, याचा विचार आज आम्ही येथे करणार आहोत.

धुळे जिल्ह्यातील गोंदूर या खेड्यात १९ फेब्रुवारी १९२५ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील गावात सुतारकाम करीत. करवत, रंधा, पटाशी, गुण्या आणि ओळंबा हेच अशा घराचे धन असते. पण एवढ्या धनावर कोणी शिल्पकार होत नाही. श्रीराम कृष्ण जोशी या गुरुजींनी या मुलाच्या हातातील गुण ओळखला आणि त्यांच्याच प्रेरणेने तो मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाला. १९५३ साली तेथे मूर्तिकामातील मेयो सुवर्णपदक त्याने संपादन केले. हात घरचा होता, वाट मात्र गुरूने दाखविली, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

पुढे १९५४ ते १९५८ या काळात पुरातत्त्व खात्याच्या सेवेत त्यांनी अजिंठा आणि वेरूळ येथील प्राचीन शिल्पांच्या जीर्णोद्धाराचे काम केले. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात एका अखंड कातळातून वरून खाली कोरीत नेलेले आहे. जोडीला दुसरा दगड नाही आणि चुकलेला घाव परत घेता येत नाही. भग्न मूर्तीचा हात वा चेहरा दुरुस्त करणाऱ्यास स्वतःची हौस बाजूस ठेवून मूळ शिल्पकाराच्या मापात काम करावे लागते. यापेक्षा कठोर पाठशाळा तरुण शिल्पकारास कोणती लाभणार?

यानंतर दिल्लीस त्यांना केंद्र सरकारच्या माहिती व नभोवाणी मंत्रालयात नोकरी मिळाली. निश्चित पगाराची ती नोकरी १९५९ साली सोडून त्यांनी स्वतंत्र शिल्पकाराचा व्यवसाय पत्करला. त्यानंतरचे त्यांचे पहिले मोठे काम म्हणजे मध्य प्रदेशातील गांधीसागर धरणावरील चंबळादेवीची ४५ फूट उंचीची प्रतिमा. काँक्रीटच्या एकसंध ठोकळ्यातून कोरलेल्या या देवीजवळ दोन बालके आहेत. एक मध्य प्रदेशाचे, दुसरे राजस्थानचे. एकाच नदीचे पाणी पिणारी दोन राज्ये ही एका मातेची लेकरे, हा त्यातील आशय. नदीला माता मानणे ही आपली जुनी श्रद्धा, तर धरण आणि काँक्रीट या नव्या युगाच्या गोष्टी. या दोहोंचा येथे सांधा जुळला आहे.

कुरुक्षेत्री ब्रह्मसरोवराच्या काठी २००८ साली त्यांचा कृष्णार्जुनांचा कांस्यरथ उभा राहिला. जवळच ज्योतिसर येथे २०२२ साली भगवंताचे विराट रूप साकार झाले. आणि २८ नोव्हेंबर २०२५ रोजी गोमंतकात काणकोण तालुक्यातील पर्तगाळ मठात प्रभू रामचंद्रांच्या ७७ फूट उंच कांस्यमूर्तीचे अनावरण झाले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच शिल्पकाराने डोळे मिटले.

या मूर्तींची उंची वर्तमानपत्रांतून फुटांत सांगितली जाते. परंतु आमच्या मते फूट ही शिल्पाची खरी मोजणी नव्हे. आपल्या शिल्पशास्त्राने मूर्तीचे माप मूर्तीच्याच चेहऱ्यावरून ठरविले आहे. चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल आणि त्याची बारा अंगुळे. देव्हाऱ्यातील वीतभर मूर्ती असो वा आकाशाला भिडणारी, प्रमाण तेच. मात्र अतिभव्य मूर्तीत एक नवी अडचण उभी राहते. पायथ्याशी उभ्या असलेल्या भाविकास दूरवरचे मस्तक लहान आणि जवळचे पाय मोठे दिसतात. म्हणून शिल्पकारास शास्त्रातील माप जाणून घेऊन ते पाहणाऱ्याच्या नजरेनुसार सुधारावे लागते. छोट्या नमुन्यात केसाएवढी राहिलेली चूक मोठ्या मूर्तीत हातभर होते. शिवाय कांस्याची मोठी मूर्ती एका ओतकामात होत नाही. तिचे भाग निरनिराळे ओतून पोलादी सांगाड्यावर जोडावे लागतात, वारा आणि वजन यांचा हिशेब करावा लागतो. तेथे साचेकार, ओतारी, जोडारी आणि अभियंता या सर्वांचे हात लागतात.

अशा उंच मूर्तींची आज चढाओढ लागली आहे, आणि एवढ्या खर्चाने काय साधते, असे कोणी विचारतो. हा प्रश्न अनाठायी नाही. प्रमाणाविना उंची म्हणजे केवळ धातूचा ढीग होय. परंतु ज्याने वेरूळच्या दगडापुढे चार वर्षे मान लववून काम केले, त्याच्या हातून उंचीलाही मर्यादा लाभते. गुण्या आणि ओळंबा यांची शिस्त पुढे विद्येच्या बळावर किती दूर जाते, याचे हे उदाहरण आहे.

भारत सरकारने १९९९ साली पद्मश्री आणि २०१६ साली पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. महाराष्ट्राने महाराष्ट्रभूषण पुरस्कार दिला. आपणांसही त्यांचा अभिमान वाटतो. परंतु आडनावाचा अभिमान ही फार स्वस्त वस्तू आहे, असे आम्ही नम्रपणे म्हणतो. आपल्या किती घरांत वडिलांच्या हत्यारांची पेटी माळ्यावर धूळ खात पडली आहे? हातात कला असलेल्या किती मुलांना आपण ‘यात पोट भरत नाही’ म्हणून दुसरीकडे वळविले? नोकरी करू नये, असे आमचे म्हणणे नाही. पण ज्याच्या बोटांत गुण आहे त्याला कलाशाळेचा दरवाजा दाखविणारा कोणीतरी हवा. गोंदूरच्या मुलाला तसा गुरू भेटला. सर्वांनाच तो भाग्याने भेटत नाही, म्हणून हे काम समाजाने अंगावर घेतले पाहिजे.

प्रत्येक घरातून शिल्पकार निर्माण होणार नाही, हे उघड आहे. परंतु गुणी मुलास ओळखणारे, त्याची फी भरणारे आणि त्याच्या पाठीवर हात ठेवणारे वडीलधारे प्रत्येक घरात असू शकतात. त्या थोर शिल्पकारास आपली खरी श्रद्धांजली हीच होय.