यशोदेचा आणि देवकीचा



आख्यानाला हात घालण्याआधी लालबागच्या एका आजींची गोष्ट सांगतो. कीर्तन संपलं, बुक्का लावून झाला, तरी त्या थांबलेल्या. म्हणाल्या, "बुवा, मुलगा-सून परदेशी. मूल नाही. आता इथल्याच आश्रमातला 4 वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन नेणार म्हणतात. गोत्र कुठलं, रक्त कुणाचं, काही पत्ता नाही."

मी म्हटलं, "आजी, तुम्ही सासरी आलात तेव्हा तुमचं गोत्र कुठं गेलं?" त्या हसल्या, पण समाधान काही झालं नाही. व्हावं कसं? एका वाक्यात समाधान करणारा बुवा असला तर मलाही दाखवा.

आता गोकुळाचं पाहा. यशोदेनं कृष्णाला जन्म दिला नाही, पण लोण्याच्या चोरीचा जाब कुणी विचारला? उखळाला कुणी बांधलं? तिनंच. परक्याच्या पोराला असं कुणी बांधतं का हो? गंगाखेडची एक पोर पंढरपुरी दामाशेटींच्या घरी वाढली, तिची जनाबाई झाली. त्याच पंढरपुरात 1875 साली टाकून दिलेल्या लेकरांसाठी आश्रम निघाला आणि तो चालवला प्रार्थना समाजानं, ज्याचं मंदिर आपल्या गिरगावात आहे. वारीला जाता ना? तिथं नुसती देवळंच नाहीत.

पण देवकीचं काय? तिला आपण पाळण्यात विसरतो. मूल परदेशी धाडायचं तर पूर्वी धड कायदा नव्हता. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. 1984 साली निकाल झाला, की आधी देशात घर शोधा, नाहीच मिळालं तर परदेशात. आता 'कारा' या सरकारी संस्थेची ना-हरकत लागते, मूल गेल्यावर 2 वर्षं त्याची खुशाली कळवावी लागते. परदेशी राहणारे आपले नागरिक मात्र इथल्यांच्याच रांगेत धरतात. आणि जन्मदात्री स्वतः मूल सोपवते, तेव्हा तिला फेरविचाराला 60 दिवस मिळतात. देवकीला एक रात्रसुद्धा मिळाली नव्हती!

आजींचा दुसरा प्रश्न खरा अवघड होता. "पोराला सांगायचं की नाही?"

माउली, कर्णाला कधी कळलं? युद्ध दाराशी आल्यावर. कृष्णानं सांगितलं, मग कुंती आली. इतकी वर्षं सगळे गप्प. तरी तो राधेचाच राहिला, हे तिचं वाढवणं. पण उशिरा कळल्याची जखम त्यानं रणात नेली. म्हणून आजींना म्हटलं, गोष्टी सांगता ना नातवाला? मग कृष्णाच्या दोन आयांची गोष्ट पहिल्या दिवसापासून सांगा. पुढं त्याची त्याला आपली ओळख लागेल. चोरून ठेवाल, तर बाहेरचा कुणीतरी सांगेलच, आणि तो प्रेमानं सांगणार नाही.

पासपोर्ट व्हायला महिने गेले. तोवर मुलगा-सून इथंच होते काही दिवस, पोर आजींच्या खोलीत. विमानाच्या रात्री त्यांच्या खांद्यावर झोपला, सोडवेना. पुढच्या एकादशीला दादरला भेटल्या. मी विचारलं, "गोत्राचं काय ठरलं?"

म्हणाल्या, "अहो बुवा, त्याला वरणभात तूप घालून लागतो, ते सुनेला सांगायचं राहिलं. फोन लावून देता का?"