मेंदूच्या नकाशावरील कुंपण

माणसामाणसाचा चेहरा जसा निराळा, तसा मेंदूही निराळा. कोणाचा लांबट, कोणाचा रुंद. आणि त्यावरील घड्या तर कोणाच्याच कोणाशी तंतोतंत जुळत नाहीत. मग भयाचे चित्र पाहताना वीस जणांच्या मेंदूंतील एकच भाग जागा होतो, हे शास्त्रज्ञ ठरवितात कसे?

त्यासाठी चुंबकीय यंत्राने टिपलेले सर्वांचे मेंदू प्रथम एका प्रमाण साच्यात बसवावे लागतात. १९८८ साली तालेराख व तूर्नू या फ्रेंच शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेला नकाशा साठ वर्षांच्या एका स्त्रीच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूवर आधारलेला होता. एकीवरून साऱ्यांचे माप काढणे योग्य नव्हे, म्हणून पुढे मॉन्ट्रियल येथे ३०५ व्यक्तींच्या मेंदूंची सरासरी काढून नवा साचा तयार झाला.

या साच्याचे दोन-दोन मिलिमीटर बाजूचे घन पाडतात. त्यांतील दोन लाखांहून अधिक घन मेंदूत मोडतात. आता प्रत्येक घनाची स्वतंत्र परीक्षा घेतली आणि विसांत एक चूक क्षम्य मानली, तर काहीही घडलेले नसताना दहा हजारांवर घन केवळ योगायोगाने ‘जागे’ दिसतील! यावर एक उपाय असा की, ज्या भागाविषयी प्रश्न आहे तेवढ्याच भागाभोवती कुंपण घालावयाचे. आतील घनास १, बाहेरील घनास ०. या कुंपणालाच ‘मास्क’ म्हणतात. भयाशी निगडित असा बदामाएवढा अमिग्डाला घेतला, की लाखो प्रश्नांचे काही शेकड्यांवर येतात.

परंतु कुंपण घालणेही जोखमीचे. कवटीतील हवेच्या पोकळ्यांजवळ यंत्राचा संदेश क्षीण होतो. वीसपैकी एकाच्याही चित्रात तेथील माहिती नसेल, तर तो घन सामान्यतः सामूहिक हिशेबातूनच गळतो. म्हणून सर्वांची व्याप्ती एकमेकींवर ठेवून, कुंपणाच्या आत खरोखर किती जमीन उरली आहे, हे आधी पाहावे लागते.

याहून मोठा धोका मोहाचा. निकाल पाहून, जेथे आकडे भरघोस दिसले तेथेच कुंपण घालावयाचे, आणि त्याच आकड्यांवरून सिद्धान्त मांडावयाचा! खळ्यातील टपोरी कणसे वेचून त्यांवरून साऱ्या शेताचे उत्पन्न सांगण्यासारखेच हे. २००९ साली एडवर्ड वुल व त्यांच्या सहकाऱ्यांनी भावना, व्यक्तित्व व सामाजिक वर्तनाशी मेंदूचा संबंध जोडणाऱ्या निबंधांच्या कर्त्यांकडे विचारणा केली. तेव्हा निम्म्याहून अधिकांनी आपण अशाच निवडक घनांचे आकडे दिल्याचे मान्य केले. त्यावर मोठा वाद माजला. पण पद्धतीकडे पाहण्याची दृष्टी त्यामुळे अधिक सावध झाली.

म्हणून कुंपण आधी आखावे; ते शरीररचनेच्या नकाशावरून, पूर्वीच्या स्वतंत्र संशोधनावरून किंवा वेगळ्या चाचणीवरून ठरवावे. अशा निष्कर्षांवर उद्या एखाद्या रुग्णाचे निदान वा उपचार अवलंबून असू शकतात. तेव्हा कुंपण कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे घातले, हे निबंधात स्पष्ट नोंदविणे हे संशोधकाचे पहिले कर्तव्य ठरते.