जुन्या बुलेटचा चिमटा

कसारा घाट उतरतांना पुढचा ब्रेक दाबावा आणि हँडलाखालून ‘टक्’ असा आवाज येऊन पुढचें चाक क्षणभर मागें सरकल्यासारखें वाटावें, हा अनुभव नाशिकांत जुन्या मोटारसायकली बाळगणाऱ्या मंडळींना नवा नाहीं. गाडी जुनी, तेव्हां ती कुरकुरणारच, असें म्हणून बरेच जण स्वतःचें समाधान करून घेतात. हें समाधान घाटांत महाग पडण्यासारखें आहे. ब्रेकचा जोर, हँडलाचें वळण आणि रस्त्याचे धक्के हीं सर्व ज्या दोन नळ्यांनीं सोसावयाचीं, त्या नळ्यांचीच ती तक्रार असते.

मोटारसायकलच्या पुढच्या चिमट्याला पूर्वी स्प्रिंग आणि सांध्याच्या पट्ट्या असत. १९३५ सालीं जर्मनींतील बी. एम. डब्ल्यू. कारखान्यानें एका नळींत दुसरी नळी सरकणारा व आंत तेल असलेला चिमटा आपल्या विक्रीच्या गाड्यांना बसविला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तीच पद्धत सर्वत्र रूढ झाली. इंग्लंडांतील रेडिच येथें होणाऱ्या रॉयल एन्फील्डच्या बुलेटलाही असाच चिमटा आला. १९५५ सालीं मद्रास येथें एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघून ती गाडी भारतांत तयार होऊं लागली. पुढें १९६७ सालीं रेडिचचा कारखाना बंद पडला. मद्रासचा मात्र चालूच राहिला.

या जुन्या घडणीच्या चिमट्यांत वरची नळी स्थिर असते आणि चाक धरणारी खालची नळी तिच्यावर वरखालीं सरकते. दोन्ही नळ्या एकमेकींवर घासूं नयेत म्हणून मध्यें दोन कडीं असतात. त्यांना बुश म्हणतात. एक पोलादी, वरच्या नळीच्या खालच्या टोकाला. दुसरें कांशाच्या जातीचें, खालच्या नळीच्या तोंडाशीं. नळी महाग, बुश स्वस्त. म्हणून झिजावयाचें तें बुशानें, अशी ही योजना आहे. बुश झिजलें म्हणजे योजना फसली असें नव्हे. तें वेळेवर बदललें नाहीं म्हणजे फसते.

आतां ‘टक्’ आवाज बुशाचाच कशावरून? गाडी मधल्या स्टँडवर उभी करून पुढचें चाक अधांतरीं करावें आणि चिमट्याचीं खालचीं टोकें दोन्ही हातांनीं धरून मागेंपुढें हलवावीं. त्याच वेळीं दुसऱ्यानें हँडलाच्या सांध्यावर बोट ठेवावें. हालचाल तेथें लागली तर दोष हँडलाच्या छऱ्यांचा. नळ्यांच्या जोडापाशीं लागली तर बुशाचा. एवढी परीक्षा न करतां चिमटा उकलणारे मिस्त्री आहेत, आणि त्यांचें बिलही तेवढेंच मोठें असतें.

चिमटा उकलल्यावर मात्र खरा प्रश्न पुढें येतो, आणि येथेंच बहुतेकांची चूक होते. ब्रेकचा जोर मागेंपुढें लागतो. म्हणून वरची नळीही सर्व बाजूंनीं सारखी न झिजतां पुढून व मागून झिजते. तीही रोजच्या चालण्यांत बुश जेथें घासतें तेवढ्याच पट्ट्यांत. डोळ्यांना ती गोल दिसते; मायक्रोमीटरला दिसत नाहीं. म्हणून ती दोन दिशांनीं आणि तीनचार ठिकाणीं मोजावी. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत लेथ चालविणारे कुशल कारागीर आहेत. त्यांच्याजवळ जाऊन ‘नळीच्या मापाचें बुश करून द्या’ एवढेंच सांगितलें आणि त्यांनीं झिजलेल्या जागेचें माप घेतलें, तर बुश हातांत सुंदर बसतें. पण मोठ्या खड्ड्यांत चिमटा खोल दबला कीं तेंच बुश नळीच्या न झिजलेल्या जाड भागावर येऊन अडकतें. ऐन वळणावर चिमटा अडकणें हें ढिल्या चिमट्याहून वाईट. बुशाचें माप नेहमीं नळीच्या जाड भागावरून घ्यावें. आणि त्या मापाचें बुश झिजल्या जागीं डुगडुगत असेल, तर खर्च बुशावर न करतां नळीवर करावा. तिच्यावर कठीण क्रोमचा मुलामा देऊन ती पुन्हां घासून घेतां येते, नाहीं तर नवी आणावी.

धातूविषयींही दोन शब्द. नाशिकचीं तांब्यापितळेचीं भांडीं सर्वदूर प्रसिद्ध असल्यामुळें पितळेचा तुकडा सहज मिळतो, आणि तो लेथवर कापावयासही सोपा. परंतु पितळ म्हणजे तांबें आणि जस्त. चिमट्याला हवें तें तांबें आणि कथील, त्यांत किंचित् फॉस्फरस. हें कांसें तेल असतांना पोलादाशीं फार काळ जुळतें घेतें. पितळेचें बुश त्यापुढें लौकर संपतें. बुश जागेवर दाबून बसवितांना किंचित् आवळतें, तेव्हां आंतील शेवटचा हात बसविल्यानंतर रीमरनें द्यावा.

जोडणींत घाई नको. तेलाचें सील नवें घालावें; नळीवर गंज वा ओरखडा राहिला तर तें आठवड्यांत फाटतें. दोन्ही बाजूंस तेल मोजून सारखें भरावें. चाकाचा आंस बसवून, चिमटा चारपांच वेळां दाबून, नळ्या आपोआप समांतर आल्यावरच वरचे बोल्ट पुरते आवळावेत. आधीं आवळले तर दोन्ही नळ्या तिरप्या राहतात आणि नवीं बुशें पहिल्याच पावसाळ्यांत जुनीं होतात. मग गाडी प्रथम त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यानें थोडी चालवून आणावी, सीलाखालीं तेलाचा ओलावा आहे काय तें बोटानें पाहावें, बोल्ट एकदां पुन्हां तपासावेत. घाटाकडे त्यानंतर वळावें.