लाकूड हवा पितं

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



साठी ओलांडलेल्यांना बाजारातली फळ्यांची दुकानं आठवत असतील. तेव्हा शटर नव्हतं. उंबऱ्याच्या आणि वरच्या पट्टीच्या खाचेत दुकानदार एकेक उभी फळी सरकवायचा, मग आडवी पट्टी टाकून कुलूप लावायचा. प्रत्येक फळीवर आकडा असे. क्रम चुकला की दुकान लागत नसे. लहानपणी मला वाटायचं, फळ्या तर सगळ्या सारख्याच दिसतात. पुढे हातात रंधा आला तेव्हा कळलं की प्रत्येक फळी तिच्या शेजारच्या फळीला बेतून घासलेली असते.

गेली कित्येक वर्षं घराच्या पडवीत मी टेबलं, कपाटं, दुकानांचे काउंटर आणि मांडण्या करतो आहे. या कामानं शिकवलेली एकच गोष्ट आज सांगायची आहे. झाड तोडलं तरी लाकूड हवा प्यायचं सोडत नाही. दमट हवेत ते फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. लांबीत हा फरक जवळजवळ नसतो, रुंदीत असतो. शिवाय खोडाच्या कड्यांना धरून ते जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याच्या दिशेनं आकसतं. म्हणून फळी वाकते.

आपल्या यवतमाळात मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो, घरातलं पाणी माठासकट आटतं. दीड-दोन महिन्यांत झड लागते आणि दारं चौकटीत अडकतात. एवढी ओढाताण सोसायची म्हणजे लाकूड जातिवंत हवं. पांढरकवडा, घाटंजी, झरी जामणी या बाजूच्या जंगलातलं सागवान इतर लाकडांपेक्षा कमी हलतं. त्याच्या अंगातल्या तेलामुळं उधई सहसा लवकर लागत नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरचं सागवान 2023 साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेलं, ते काही उगाच नाही.

पण सागवानही हवा पितंच. हा धडा मी नुकसान सोसून शिकलो. आमच्याच गल्लीत किराणा दुकान चालवणाऱ्या एका बाईंना मी काउंटर करून दिला. वरची फळी दोन फूट रुंद, तीन तुकडे जोडून केलेली. ती मी खालच्या आडव्या पट्ट्यांना फेव्हिकॉल लावून, स्क्रू कसून पक्की केली. पावसाळ्यात काम झालं, दिवाळी छान गेली. मे महिन्यात मधोमध तडा गेला. पाच रुपयांचं नाणं उभं मावेल एवढा. फळीला आकसायचं होतं, मी तिला जखडून ठेवलं होतं.

नवी फळी बसवताना पट्टीतली भोकं कानशीनं लांबट केली, म्हणजे स्क्रू आत सरकू शकेल. सरस कुठेच लावला नाही. सुताराच्या जुन्या दारातही हीच युक्ती असते. चौकटीचे सांधे कुसानं घट्ट, पण मधली फळी खाचेत मोकळी. त्या वेळी आणखी एक चूक दुरुस्त केली. आधीचा काउंटर मी माझ्या उंचीनं बेचाळीस इंच केला होता. बाई पाच फुटांच्या. दिवसभर खांदे उचलून त्या तराजू वापरत होत्या. या वेळी त्यांचं कोपर मोजलं आणि काउंटर छत्तीस इंचांवर आणला.

मांडणीला प्लायवूड चांगलं. त्याचे पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळं ते फारसं फुगत-आकसत नाही. पाण्याजवळ मात्र आयएस 710 चा शिक्का पाहून घ्यावं. आणि फळी लांबच लांब ठेवू नये. आधारातलं अंतर दुप्पट केलं, तर तेवढ्याच वजनाखाली फळी आठपट झुकते. तेलाचे डबे ठेवायचे असतील तर दोन-अडीच फुटांवर आधार हवाच.

दोन गोष्टी व्यवहाराच्या. सागवान स्वतःच्या शेतातलं असलं तरी ते तोडायला 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे परवानगी लागते. म्हणून लाकूड पावती पाहूनच घ्या. आणि 2023 पासूनच्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आहे. अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज मिळतं. पडवीत काम करणाऱ्या पोरांना हे आवर्जून सांगा.

तयार फर्निचर ट्रकमधून येतं. ते कुठल्या हवेत वाळलं, ते कुणाला ठाऊक नसतं. गल्लीतल्या सुताराला आपला मे आणि आपली झड दोन्ही माहीत असतात, आणि तडा गेला तर तो समोरच राहतो. पण लाकूड हवेत वाळवायला इंचभर जाडीला वर्षभर लागतं, असा जुना हिशोब आहे. ती सवड तुम्ही द्यायला हवी. पुढच्या वेळी काउंटर सांगायला जाल तेव्हा "किती दिवसांत देता?" असं विचारण्याआधी "लाकूड किती दिवस वाळलंय?" एवढं नक्की विचारा.