घोरणं आणि गाढ झोप

आपल्या भाषेत बेफिकीर माणूस 'खुशाल घोरत पडतो'. घोरणं ही आपण सुखाच्या झोपेची खूण मानतो. पण गिरगाव-लालबागच्या चाळींत एकाच खोलीत झोपणाऱ्यांना आणखी एक घोरणं ठाऊक असतं. आवाज मध्येच थांबतो, श्वासही थांबतो, मग माणूस गुदमरून दचकतो आणि पुन्हा घोरू लागतो. सकाळी त्याला यातलं काहीच आठवत नाही.

या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. तासाला तीस किंवा त्याहून अधिक वेळा श्वास असा अडखळला, तर आजार तीव्र समजतात. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी केली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत साडेसात टक्के पुरुषांना हा आजार आढळला.

असा माणूस टॅक्सी, ट्रक किंवा बस चालवत असेल तर? रात्री आठ तास पडूनही दिवसा त्याला पेंग येते. व्यावसायिक लायसन्ससाठी डॉक्टरांकडून नमुना १-अ भरून घ्यावा लागतो. त्यात नजर, ऐकणं, रातांधळेपणा यांची विचारणा असते. झोपेबद्दल थेट प्रश्न नसतो. चालकही आपणहून सांगत नाही. लायसन्स गेलं तर चूल कशावर पेटणार, ही त्याची भीती खोटी नाही.

पण यावर उपाय आहे. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये नाकावाटे हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवण्याची रीत मांडली. तेच आजचं सीपॅप मशीन. त्याची किंमत हजारोंच्या घरात जाते, मास्कची सवय व्हायला वेळ लागतो. पण रोज रात्री नेमानं लावलं तर दिवसाची पेंग हटते, अपघाताचा धोका उतरतो. ब्रिटनमध्ये बस-ट्रकच्या चालकाला हा आजार परवाना खात्याला कळवावा लागतो आणि तो आटोक्यात आल्यावर पुन्हा गाडी चालवता येते. आपल्या नमुन्यातही असा प्रश्न यावा, पण उपचार घेणाऱ्याची रोजी त्यामुळे जाऊ नये.

तोवर घरच्यांनीच साक्षीदार व्हावं. घरातला चालक घोरता घोरता श्वास रोखत असेल, तर हसण्यावारी नेऊ नका. त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जा आणि रात्री पाहिलेलं तुम्हीच सांगा. कारण ते त्याला स्वतःला कधीच दिसत नाही.