श्रमनिद्रा
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



तुळजापूरच्या भवानीविषयी चार शब्द बोला, अशी मला आज्ञा झाली आहे. साडेतीन पीठांपैकी हे एक पूर्ण पीठ. आपणांपैकी कितीतरी जणींची ती कुलस्वामिनी. कल्लोळतीर्थ, गोमुख, त्या पायऱ्या, सारे तुमच्या पायांखालचे आहे. त्याचे वर्णन मी करीत बसत नाही. मला बोलावयाचे आहे ते देवीच्या झोपेविषयी.

कथा आपल्या ऐकण्यातली आहेच. कर्दम ऋषींच्या मागे त्यांची पत्नी अनुभूती तप करीत असता कुकुर दैत्याने तिचा छळ मांडला. तिने धावा केला आणि देवी तत्काळ आली. त्वरेने आली म्हणून त्वरिता. त्वरिताची तुरजा आणि तुरजाची तुळजा झाली. अशी ही हाकेसरशी धावणारी आई वर्षातून तीन वेळा निजते! बहुतेक देवळांत मूर्ती जागची हलत नाही. येथे ती चल आहे. सिंहासनावरून उचलून तिला शेजघरात पलंगावर निजवतात. भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत घोरनिद्रा, दसऱ्यापासून कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा. त्या दिवसांत भक्तांच्या अभिषेकपूजा बंद असतात.

घोरनिद्रेआधी देवीच्या गाद्यांचा कापूस पिंजायला गावातल्या बायका गाणी म्हणत बसतात. मला या साऱ्या सोहळ्यात हेच फार गोड वाटते. जगाच्या आईला अंथरूण घालायचे, तर ते लेकींच्या हातचे.

दसऱ्याला पहाटे देवीला साड्यांनी गुंडाळून पालखीत बसवतात आणि सीमोल्लंघन होते. पालखी बुऱ्हाणनगरची, पलंगही नगरकडूनच मजल दरमजल येतो. प्रदक्षिणा झाली की त्याच पलंगावर देवी पहुडते, ती पौर्णिमेपर्यंत. नऊ दिवस महिषासुराशी झुंजली, दमली, निजली. शास्त्रीपंडित याचा गूढ अर्थ सांगतील, तो खोटा नाही. सप्तशतीतही देवीला निद्रारूपाने वंदन केलेले आहे. पण तुळजापूरकरांनी नाव किती सरळ ठेवले पाहा: श्रमनिद्रा! देवी दमते, हे म्हणायला त्यांना संकोच वाटला नाही.

आता आपल्या घरी काय चालते? नऊ दिवस उपास, अखंड दिव्याची राखण, सवाष्णी, कुमारिका, एकीकडे फराळ नि दुसरीकडे मुलांचे डबे. दसऱ्याला पुरण. आणि एकादशीला उजाडते न उजाडते तोच तीच बाई झाडू घेऊन दिवाळीसाठी माळ्यावर!

आपल्याच आळीतल्या एक वहिनी अष्टमीच्या रात्री शेगडीपाशी भोवळ येऊन पडल्या. अंगात रक्त कमी आहे, आठ दिवस निजून राहा, असे डॉक्टरांनी बजावले. तिसऱ्या दिवशी मी गेले, तर बाई मोरीत भांडी घाशीत बसलेल्या. मी रागावले. म्हणाल्या, "दिवसाढवळ्या पडून राहायची लाज वाटते हो." घरच्यांनी काही म्हटले होते असे नाही. कोणी 'नीज' असेही म्हटले नव्हते.

भगिनींनो, जगदंबेला जी लाज वाटत नाही, ती आपल्याला का वाटावी? ती पाच दिवस निजली म्हणून तिच्या भक्तीत उणे येत नाही. उलट त्याच दिवसांत सोलापूरकडची, कर्नाटकातली माणसे पायी चालत तिच्या दारी लोटतात. आणि आपण दुपारी तासभर पाठ टेकली तर घर बुडेल, हे आपल्याला सांगितले कोणी?

तेव्हा माझी एक सूचना आहे. दसरा ते कोजागरी मंडळाने एकही कार्यक्रम ठेवू नये. पाककृतींची स्पर्धासुद्धा नको. सुनेने सासूला आणि सासूने सुनेला दुपारी हाताला धरून निजवावे. कोजागरीचे मसाला दूध मात्र व्हायलाच हवे. ते यंदा कोण आटवणार, एवढे आज घरी जाऊन यजमानांना आणि मुलांना विचारा, आणि पुढच्या सभेत नावे घेऊन या.