बोनेट उघडता आलं पाहिजे

आज दोन विषय घेऊन आलो आहोत, जुन्या गाड्या आणि भजन. ह्यांचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या गटाच्या बैठकीत हे दोन्ही विषय एकापाठोपाठ निघाले आणि एकाच ठिकाणी येऊन थांबले.

हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, चहा आला, की आमच्याकडे गप्पा रंगतात. त्या दिवशी विषय निघाला, कोण कुठल्या गाडीतून सासरी आली. कुणी जीपमधून, कुणी मॅटाडोरमधून, दोघीतिघी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. एक काकू मात्र फियाटमधून आलेल्या. "गाडी मागून आणलेली, पण बसले तर मीच ना!" असं त्या आजही ऐटीत सांगतात.

ह्या फियाटचं आपल्या मातीशी नातं आहे, हे पुष्कळजणींना माहीत नसतं. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांच्या नावानं वसलं, ते वालचंद हिराचंद. जन्म 1882 चा, सोलापूरचे. इथल्या माळरानावर त्यांनी ऊस उभा केला, साखर कारखाना काढला. जहाजं, विमानं आणि मोटारी आपल्या देशात तयार व्हाव्यात, हा त्यांचा ध्यास होता. 1944 साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढं इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्या तयार होऊ लागल्या. त्यातलीच एक नंतर प्रीमियर पद्मिनी म्हणून नावारूपाला आली. बाईचं नाव घेऊन फिरणारी गाडी! मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे बहुतेक वेळा हीच. ऑक्टोबर 2023 मध्ये तिथल्या रस्त्यांवरून ह्या टॅक्सीनं निरोप घेतला.

आणि इटलीशी आपलं नातं तुटलेलं नाही बरं का. 1946 साली इटलीत सुरू झालेली व्हेस्पा स्कूटर आज आपल्या बारामतीच्या एमआयडीसीत तयार होते.

तर पद्मिनी लोकांना का आवडायची? गिअरचा दांडा स्टिअरिंगला असायचा, त्यामुळं पुढच्या सलग सीटवर तिघं बसायची. आणि बोनेट उघडलं की सगळं डोळ्यांना दिसायचं. कार्बोरेटर कुठला, प्लग कुठला, पंख्याचा पट्टा कुठला, ते समजायचं. पाना आणि स्क्रू ड्रायव्हर असला, तर गावातला मिस्त्रीही गाडी सुरू करून द्यायचा.

पण जुनं ते सगळं सोनं, असं आम्ही म्हणणार नाही. त्या काळी गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. आजच्या गाड्या धूर कमी करतात आणि अपघातात माणसाला जास्त जपतात. आम्हाला हेवा वाटतो तो एकाच गोष्टीचा. बिघाड झाला, तर काय बिघडलं हे मालकाला कळायचं.

आमच्या ओळखीच्या एका गटानं कर्ज काढून शेवयांचं यंत्र घेतलं. ऐन उन्हाळ्यात, शेवयांच्या हंगामात, त्यातली बटणांची पाटी जळाली. गावात कुणाला ते उघडता येईना, कंपनीचा माणूस येईना. यंत्र बंद राहिलं, पण बँकेचा हप्ता काही थांबला नाही.

ही गोष्ट मनात असतानाच भजनी मंडळाचा अर्ज समोर आला. गटातल्याच तरुण मुलींचं मंडळ आहे. त्यांना कीबोर्ड आणि स्पीकरसाठी 45 हजार रुपये कर्ज हवं होतं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. हल्ली जागराला, बारशाला आवाज मोठा असला तरच बोलावणं येतं, आणि बिदागीही बरी मिळते. बाईनं गाऊन चार पैसे मिळवले, तर गटाला आनंदच आहे.

तेव्हा एक आजी म्हणाल्या, "पोरींनो, ताल चुकत असला तर स्पीकर ती चूक वेशीपर्यंत नेतो."

सगळ्या हसल्या, पण मुद्दा पटला. तुकोबारायांची पालखी बारामतीहून इंदापूरकडं जाते. बेलवाडीला गोल रिंगण होतं, ते आपण बघतोच. दिंडीत असतं काय? वीणा, पखवाज आणि टाळ. वीणा सूर धरून ठेवते, पखवाज चाल धरतो, आणि एवढ्यावर शेकडो माणसं एका ठेक्यात पाऊल टाकतात. टाळ म्हणजे दोरीनं बांधलेल्या धातूच्या दोन वाट्या. दिसायला सोप्या, पण तासभर एका लयीत वाजवून बघा! साधं असणं वेगळं आणि सोपं असणं वेगळं.

आपल्या आज्यांजवळ तर तेवढंही नव्हतं. पहाटे जात्याची घरघर हीच त्यांची साथ. त्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पोइटवाँ ह्यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. एकही वाद्य न घेता बायकांनी एवढं गाऊन ठेवलंय.

मग आम्ही ठरवलं ते असं. आधी दहा टाळजोड घ्यायचे आणि जुन्या पखवाजाची पुडी बदलायची. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात, आणि कणीक कशी मळायची हे आपल्याला कुणी शिकवायला नको! स्पीकर लागेल तेव्हा भाड्यानं आणायचा. सहा महिन्यांची बिदागी पासबुकात दिसली आणि कीबोर्ड वाजवायला कुणीतरी शिकली, की अर्ज पुन्हा घ्यायचा. मुली थोड्या नाराज झाल्या, हेही सांगतो. पण नकार दिलेला नाही, मुदत दिली आहे.

त्या दिवसापासून कुठल्याही यंत्राच्या कर्जाआधी आम्ही तीन प्रश्न विचारतो. एक, हे उघडून बघता येईल अशी गटात कोण आहे? दोन, सुटा भाग कुठं मिळतो, बारामतीत, इंदापुरात की पुण्यात? तीन, यंत्र महिनाभर बंद राहिलं, तर हप्ता कुठून भरायचा? पिठाची गिरणी असो, पापडाचं यंत्र असो किंवा जुना टेम्पो, उत्तरं वहीत लिहूनच सही करायची. आणि विकणारा म्हणाला, "ताई, तुम्हाला त्यातलं काय कळणार," तर त्याला म्हणायचं, "बोनेट उघडा, आम्ही बघतो."

पुढच्या बैठकीत हे तीन प्रश्न तुमच्या गटात विचारून बघा, आणि कुणाची वरात कुठल्या गाडीतून आली, तेही विचारा. भेटू पुढच्या भागात. रामकृष्णहरी!